पश्चिमेच्या खिडकीसमोरचा बहावा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत झाडांचे निर्णय सव्वीस जानेवारीला होतात. झेंडावंदन उरकलेलं असतं, सत्यनारायणाचा शिरा हातात असतो आणि माणसं कशालाही हात वर करतात. आमच्या तळमजल्यावरच्या खिडकीसमोर कुठलं झाड लावायचं, तेही असंच ठरलं.

खिडकी पश्चिमेची. आत माझ्या वडिलांची खाट. दम लागायला लागल्यापासून ते दिवसभर तिथेच असायचे. थंडीत सूर्य शेजारच्या टॉवरमागून मावळतो, त्यामुळे खोली गार. एप्रिलपासून मात्र तो उत्तरेला सरकतो, टॉवर सोडतो आणि तीन वाजल्यापासून ऊन थेट उशीवर. म्हणून मी म्हटलं, करंज लावा. मे महिन्यात त्याला नवी पानं भरगच्च असतात. पण ऐकतंय कोण! "इथे तर सावलीच आहे ना, अजून सावली कशाला?" सेक्रेटरी म्हणाले. जानेवारीत सावलीत उभं राहून शिरा खाणाऱ्याला मे महिना काय डोंबल दिसणार? ठरला बहावा. का, तर फोटो झकास येतात.

काही वर्षांत बहावा वाढला आणि ऐन उन्हाळ्यात पानं गाळून पिवळाधमक फुलला. सगळे खाली फोटो काढायला जमले. आत बाबा भाजून निघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरींना दुपारी बोलावलं आणि सरळ बाबांच्या खाटेवर बसवलं. थोड्याच वेळात त्यांचा शर्ट भिजला. "चुकलंच ताई आमचं," ते म्हणाले. "परवानगी काढतो, पावसाळ्यात हा काढून करंज लावू."

ते गेल्यावर मी जिंकल्यासारखी बाबांकडे वळले. सगळा जन्म मुंबईत गेला तरी त्यांची मालवणी सुटली नव्हती.

"करंज मोठो होईपर्यंत मी रवतलंय काय गो?" त्यांनी विचारलं. "ह्यो फुललो आसा. बघूंदे माका."

आधी मला रागच आला. मग रडू आलं. खाट फिरवून दिली. तोंड खिडकीकडे, ऊन पायांवर. वर ओला पंचा टाकला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना सांगितलं, झाड काढू नका. बाईचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनी त्यानंतर एकच बहर पाहिला.