गोळीवाल्या बाई आणि अंग चोरणारी सून

गोळीवाल्या बाई रोग्याला खोटा धीर कधी देत नसत. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना होता. ट्रक गेला की कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या. "बरं होईल ना?" असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "मले काय माहीत? बस, आधी सांग." लोक चिडायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

मला तिथे सासू घेऊन गेली. लग्नाला आठ महिने झाले होते आणि आमच्यात नवरा-बायकोचा संबंध झालाच नव्हता. नवरा जवळ आला की माझ्या मांड्या आवळून यायच्या, आतून सगळं घट्ट मिटायचं, आग आग व्हायची. सासूचं निदान एकच, पोरगी अंग चोरते. आमच्याकडे रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, मागे राहणाऱ्या बाईला असं म्हणतात, त्यामुळे अर्ध्या गावाला मी कामचुकार वाटायचे आणि उरलेल्यांना खरं कळलं होतं. धानाची कापणी झाली की माझ्या वडिलांना बोलावून बैठक बसवायची आणि मला कायमचं माहेरी धाडायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

सासूने बाईंनाही तेच दोन शब्द सांगितले. बाईंनी तिला बाहेर बसवून दाराला कडी लावली आणि मला विचारलं, "कामात चोरते का नवऱ्यापाशी?" मेली लाज, तोंडातून शब्द फुटेना. त्या घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या. शेवटी मी सगळं सांगितलं.

"तू नाही चोरून राहिली," बाई म्हणाल्या. "तुझं अंगच आकसून राहिलं, तुले न विचारता. डोळ्याजवळ बोट नेलं का पापणी मिटते ना? तसं." या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणी मला दोष दिला नव्हता. मी ओक्साबोक्शी रडले.

मग मी गोळ्या मागितल्या आणि बाई तडकल्या. माझ्या गोळ्यांनी हे बरं होतं असा पुरावा नाही, उगाच वेळ घालवू नको, असं तोंडावर सांगून त्यांनी गोंदियाच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. सासूला दाखवायला तरी काही द्या म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी बाटली दिली आणि वर लिहिलं, 'नुसती साखर'. सासूला वाचता येत नव्हतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून शिकवलं. श्वास सोडत खालचे स्नायू आवळायचे, सैल सोडायचे. मग स्वतःचं बोट, पुढे बारीक नळी, मग जरा जाड. दुखलं की थांबायचं. तोवर नवऱ्याने प्रयत्नच करायचा नाही. हे शेवटचं बाईंनी त्याला बोलावून स्वतः ऐकवलं. तो मान खाली घालून हो म्हणाला. पण इकडे धान पिवळं पडत चाललं होतं आणि माझी मजल बोटाच्या एका पेराच्या पुढे जात नव्हती.

बैठक बसलीच. सासूने चार माणसांत तेच म्हटलं. वडील जमिनीकडे बघत होते. मी काय सांगणार होते? तेव्हा नवरा उठला. "माय, ही अंग नाही चोरून राहिली. तिले दुखते. इलाज सुरू आहे, अन् मी सोबत आहो. बैठक कायले बसवली?" बैठक उठली. सासू आत निघून गेली आणि मी त्या घरात राहिले.

उन्हाळा लागता लागता, न दुखता, आमचा संसार सुरू झाला. मी धावत बाईंना सांगायला गेले. बैठकीचंही सांगितलं. नवरा उठून बोलला म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझ्या सासरच्या बैठकीत कोणीच नाही बोललं," त्या म्हणाल्या. "मलेच माहीत नव्हतं काय सांगू. बाप घरी घेऊन आला, मग कॉलेजात टाकलं. तुले लिहून दिला ना, तो शब्द मी तिथं पुस्तकात वाचला."

बाहेर रोगी खोळंबले होते. त्यांनी मला हातानेच जा म्हटलं आणि मी खुळ्यासारखी उठून आले. बाई आता नाहीत. त्या दिवशी मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं.