उरलेल्या जागेच्या वन्सं

आमच्या वन्सं विमानतळावर पाऊल टाकतात तेव्हा देवाकडे एकच मागतात: कुणाला तरी उशीर होऊ दे.

माणूस म्हणून तशा वाईट नाहीत. विमान कंपनीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर खुर्च्यांची कव्हरं शिवली. निवृत्तीनंतरही कंपनीची एक सवलत त्यांना राहिली. त्या आणि सोबत एक माणूस, नाममात्र पैशांत कुठेही. अट अशी की तिकीटवाले सगळे बसल्यावर जागा उरली तरच चढायचं, नाहीतर पुढच्या विमानाची वाट बघत बसायचं. याला स्टँडबाय म्हणतात. त्यामुळे वन्संचे कपडे कडक इस्त्रीचे, सामान एका हातपिशवीत मावेल एवढंच, आणि नजर सदैव रिकाम्या खुर्चीवर.

गेल्या महिन्यात परदेशातल्या माझ्या लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी सकाळी. एकटीच राहते. "आई, येऊ नकोस गं," म्हणाली. म्हणजे ये. पक्कं तिकीट आमच्या आवाक्यातलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "चल, मी नेते. शनिवारपासून बाकावर बसू. कधीतरी उचलतीलच."

आणखी एक मेख होती. बाहेर पडायचं पक्कं तिकीट दाखवल्याशिवाय तो देश कुणाला आत घेत नाही, आणि आमचं स्टँडबायचं परतीचं तिकीट त्यांच्या लेखी तिकीटच नाही. "जागा उरली तर जाऊ" म्हणणाऱ्या पाहुण्यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणून पूर्ण पैसे परत मिळतात असं दोघींचं एक परतीचं तिकीट आमच्या ह्यांनी काढून ठेवलं. आम्ही पोचल्याचा फोन गेला की ते रद्द करायचं, असं ठरलं.

शनिवारचं विमान भरून गेलं. मी ह्यांना फोन करून भरपूर रडले. म्हणून रविवारी दुपारी वन्संनी माझा फोन काढूनच घेतला. "दर वेळी गळा काढून त्याला घाबरवू नकोस."

गेट बंद व्हायला आलं होतं. दोन प्रवासी अजून आले नव्हते. वन्सं खूश. "ते जोडपं नाही येत बघ. भांडलं असणार."

"वन्सं, असं काय बोलता!"

"मग तू प्रार्थना कर, ते यावेत म्हणून. करतेस?"

मी घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात एक माणूस बायकोचा हात ओढत धापा टाकत आला आणि नेमका वन्संनाच विचारता झाला, "दुपारचं विमान कुठल्या गेटवर?" वन्संचं बोट उलट्या दिशेला उठू लागलं. मग बोट मुकाट्याने वळलं. "हे काय, समोरच. पळा." ते आत गेले. दार लागलं. "आयुष्यात एकदा वाईट वागायची संधी आली होती," वन्सं पुटपुटल्या.

संध्याकाळचं विमान शेवटचं. तेही गेलं असतं, तर लेक ऑपरेशनला एकटीच आत गेली असती. पण या वेळी दोन जागा उरल्या! काउंटरवरच्या मुलीने पक्कं तिकीट मागितलं, काहीतरी टाइप केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तर रद्द झालंय."

मी वन्संकडून माझा फोन परत घेतला आणि ह्यांना लावला. "अहो, तिकीट?"

"केलं की रद्द!" आवाजात केवढी शाबासकीची अपेक्षा. "काल रडण्याचा फोन आला, आज आला नाही. म्हटलं, बसल्या दोघी. फोनवर विमान उडालेलं दिसलं आणि लगेच केलं. थंडी आहे का गं तिकडे?"

वन्संनी फोन ओढला. "ठोंब्या, आम्ही बाकावरच आहोत अजून! दुसरं काढ, आत्ताच्या आत्ता. त्या देशातून बाहेर जाणारं कुठलंही, पण पक्कं!"

माझे हे शब्दाला जागणारे. खरोखरच "कुठलंही" काढलं. सगळ्यात स्वस्त, कुठल्यातरी बेटावर जाणारं, सोमवारी पहाटेचं.

मुलगी बघतच राहिली. "तुम्ही रात्री उतरणार आणि पहाटे निघणार?"

"जागा आवडली नाही तर," वन्सं म्हणाल्या.

तिने हसू दाबलं. नियमात बसत होतं. आम्ही चढलो.

तिकडच्या अधिकाऱ्याने तेच तिकीट वर-खाली करून पाहिलं. "एवढ्या वेळात काय करणार?" वन्संनी मला चिमटा काढला, गप्प बस म्हणून. पण माझा धीर सुटला होता. "साहेब, सकाळी माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे. ते झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, तिकीट काहीही म्हणू दे!"

वन्संनी डोळे मिटले.

"मग जाणार कधी?"

"लवकरच," वन्संनी डोळे उघडले. "हिचा नवरा घरी एकटा आहे. तो काय काय रद्द करेल, सांगता येत नाही." आणि त्यांनी बेटाच्या तिकिटाची सगळी कथा ऐकवली. अधिकारी खो-खो हसला, महिन्याचा शिक्का मारला आणि त्याच्या आत नक्की निघा म्हणाला.

लेकीला आत नेताना मी तिथे होते. "नको म्हटलं होतं ना?" म्हणाली, आणि माझं बोट सोडेना.

आता ती काठी घेऊन घरभर फिरते. उद्या आमची परतीची खेप. जेवताना तिने विचारलं, "आत्या, जागा मिळेल?"

"छे गं, विमान भरलेलं दिसतंय," वन्सं दुःखी चेहरा करून म्हणाल्या. मग लेकीचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी हात जोडले. मला ऐकू आलं. उद्या कुणालाही उशीर होऊ देऊ नको म्हणत होत्या.

मीही हळूच जोडले.