पुस्तकातली उष्णता

टेकाळे सर प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये तंबाखू थुंकत आणि ओठ पुसलेल्या बोटानेच मुलांच्या वह्यांची पाने उलटत. लातूरच्या त्या कॉलेजात मी रोजंदारीवर झाडलोट करायची. बेसिन मीच घासायची. अजून आठवलं की घास घशाखाली उतरत नाही.

जिल्हा नवा झाला होता, त्यात दुष्काळ. प्रयोगासाठी रोज दोन घागरी पाणी मी लांबच्या बोअरवरून डोक्यावर आणायची. प्रयोग चौथी शिकलेल्या मलाही कळायचा. स्पिरिटचा दिवा आधी तोलायचा, मग त्यावर डब्यात पाणी तापवायचं. स्पिरिट किती जळालं आणि पाणी किती तापलं, यावरून त्या स्पिरिटात उष्णता किती ते काढायचं. सर दिवा लावूच देत नसत. "दुष्काळ हाय, पाणी नासू नका," म्हणून पुस्तकातला आकडा फळ्यावर लिहायचे. घागरी मात्र त्यांच्या खोलीतल्या कूलरमध्ये रिकाम्या व्हायच्या.

जळकोटकडच्या संगीताने एकदा सर नसताना स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून दिवा लावला. काडी मीच दिली. आकडा पुस्तकाच्या निम्मा आला. सर वही बघून हसले. "बाकीची उष्णता काय जळकोटला धाडलीस का गं?"

"डबा तापला सर, हवा तापली," ती म्हणाली. "पाण्याला मिळाली तेवढीच लिहिली."

"आकडा पुस्तकात असतो बाई, दिव्यात न्हाई." हे त्यांचं नेहमीचं. पानावर त्यांनी आडवी रेघ ओढली.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. सगळ्या वह्यांत एकच आकडा, संगीताचा तेवढा वेगळा. सर म्हणाले, हिने प्रयोग केलाच नाही, मनाने लिहिलंय. नापास झालीस तर शिक्षण बंद, असं तिला घरून बजावलेलं होतं. साहेब माझ्याकडे वळले. "मावशी, हिनं दिवा लावला होता का?"

संगीता माझ्याकडे बघत होती. सरही.

"मला काय कळतंय साहेब," मी म्हणाले. "मी आपली झाडायला असते."

ती नापास झाली. वडील येऊन तिची पेटी घेऊन गेले. जूनमध्ये सरांनी वर शब्द टाकून मला कायम केलं.

पुढे काही वर्षांनी सर वारले. शोकसभेत सगळे बोलले, शेवटी मला उभं केलं. चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. सर देवमाणूस होते, असं म्हणाले, आणि रडलेसुद्धा.