गुडघ्याचं नाटक

माझा उजवा गुडघा आयुष्यात कधीही दुखला नाही, हे आज कबूल करून टाकते. सत्तरी ओलांडल्यावर डावा जरा कुरकुरतो, पण उजवा अजून ठणठणीत आहे. तरीही काही वर्षांपूर्वी, स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, मी तो आठवडाभर दुखवला. लंगडले, कण्हले, एकदा तर "आई गं!" म्हणून वाळूत बसकणच मारली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कायम झाडाचं काम मिळायचं, त्याचा सगळा वचपा मी त्या आठवड्यात काढला. आणि या अभिनयाच्या जोरावर मी मुलाचा संसार सावरणार होते! तेव्हा माझं वय बासष्ट. म्हणजे तशी पोरच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं.

हे गेल्यावर मी पुण्याचं घर बंद करून मुलाकडे सिंगापूरला आले होते. बुओना व्हिस्टाला फ्लॅट. मुलगा जुरोंग आयलंडवर इंजिनियर. उजाडायच्या आत कंपनीच्या बसने जायचा. सून पाया लेबारला एका ऑफिसात हिशेब तपासायची, संध्याकाळी दमून यायची. सहा वर्षांची नात आणि मी, दिवसभर घर आमचं. मी सुनेच्या स्वयंपाकघरात अजिबात लुडबुड करत नाही, असं मी लुडबुड करता करता सगळ्यांना सांगत असे. भिशीतल्या बायकांना म्हणायचे, "मी नाही हो तसली सासू." त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

त्या वर्षी मुलगा हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागला.

"घोरतो ना मी, तिची झोप मोडते," तो म्हणाला.

मी त्याची आई. हा मुलगा कधी घोरला नाही. दोघं भांडत असती तर मला एवढी धास्ती वाटली नसती. पण ती दोघं भांडत नव्हती. जेवताना आमटी वाढली की एकमेकांना "थँक यू" म्हणायची. ज्या घरात नवरा-बायको आमटीसाठी आभार मानायला लागतात, तिथे काहीतरी बिनसलंय हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

निदान मी ताबडतोब केलं: यांना एकांत मिळत नाही. आमच्या वेळी दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर आणि आम्ही. यांच्याशी चार शब्द बोलायचे तर मंडईत जावं लागायचं. कोथिंबिरीच्या जुडीवरून सुरू झालेलं बोलणं घरी येईपर्यंत पुरवायचं. त्यामुळे एकांत म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इथे तर रोग मीच होते. हॉलमध्ये मी, स्वयंपाकघरात मी, नातीच्या खोलीतही मीच. मला त्यांचा संसार वाचवायचा होताच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला नात वाचवायची होती. ती माझ्या कुशीत झोपायची. ते घर मोडलं तर ती कुठे जाईल, हा विचार आला की मी उठून पाणी प्यायचे.

मग मी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचं निमित्त काढलं. जूनमध्ये नातीला सुट्टी होती. मुलगा नको म्हणाला. सून मात्र म्हणाली, "जाऊ या. सगळेच जाऊ." मला वाटलं, लागला बाण!

जागा तिनेच शोधली. लहान मुलांसाठी अगदी सुरक्षित किनारा, असं तिने वाचलं होतं, आणि ते खरंच होतं. चंद्रकोरीसारखा छोटा समुद्र, दोन्ही बाजूंना खडक आणि त्यांवर पाइनची झाडं, त्यामुळे वारा नाही, लाटा नाहीत. वाळू बारीक रव्यासारखी. पाण्यात कितीही आत चालत जा, पाणी आपलं गुडघ्यापर्यंतच. माझं माहेर कोकणातलं. समुद्र म्हटलं की तो गाजणार, आत जाणार, बाहेर येणार. हा परातीत ओतून ठेवल्यासारखा.

पहिल्या दिवशी मी नातीला ऐटीत सांगितलं, "थांब हं पिल्ला, ओहोटी लागली की मग आपण शिंपले वेचू." दुपारभर आम्ही दोघी पिशवी घेऊन बसलो. पाणी जागचं हलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी नात कमरेवर हात ठेवून, समुद्र बिघडलाय अशा थाटात, अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, द सी स्पॉइल ऑलरेडी लाह!"

सून खळखळून हसली. कित्येक महिन्यांनी. "अहो आई, इथे भरती-ओहोटी नसल्यातच जमा असते. तुम्ही काय वाट बघत बसलात?"

"मग आधी सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात, मला वाटलं येईलही तुमच्यासाठी."

संध्याकाळी खडकांवरच्या पायवाटेने दीपगृहापर्यंत फिरून यायचं ठरलं. दोघंही म्हणाली, "आई, तुम्हीही चला." नातीने हात धरला. आता मी गेले तर सगळी वरातच जाणार, मग कसला एकांत? मी दोन पावलं टाकली आणि खाली बसले. "आई गं! गुडघा!"

मुलगा घाबरला. "डॉक्टर बघू का?"

"छे रे, डॉक्टर कसला! बसलं की बरं वाटतं. तुम्ही दोघं जाऊन या. आम्ही इथे किल्ला करतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत मला प्रेम दिसलं. माझा चष्मा तेव्हाही जाडच होता.

मग रोजचंच झालं. ऊन कललं की माझा गुडघा धरायचा आणि दोघं फिरायला जायची. तिथे सूर्य मावळायला नऊ-साडेनऊ व्हायचे, त्यामुळे वेळच वेळ. पहिल्या दिवशी ती पुढे, तो मागे. तिसऱ्या दिवशी दोघं शेजारी शेजारी चालताना दिसली आणि मी एवढी खूष झाले की बाजूच्या आजीबाईंना सांगितलं. या आजी माझ्याहून वयाने मोठ्या, पण बिकिनी घालून, खुर्ची थेट पाण्यात मांडून बसायच्या. मी आपली पंजाबी ड्रेस, वर टोपी. भाषा एकमेकींना शून्य. मी खुणेने सांगितलं: तो माझा मुलगा, ती सून. आणि दोन्ही हातांची बोटं गुंफून दाखवली. त्यांनी वाटेकडे बराच वेळ पाहिलं आणि पिशवीतून एक पीच काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते अभिनंदन समजून खाल्लं.

परत आली की दोघांचे चेहरे शांत असायचे. एकदा सुनेचे डोळे लाल होते. "ऊन लागलं," ती म्हणाली. लागलं असेल बाई, म्हणून मी तिला गुलाबपाणी दिलं.

आणि मग ती माझा गुडघा चोळायची. भाड्याच्या घराला छोटी बाल्कनी होती. सिंगापूरहून आणलेलं खोबरेल तेल वाटीत घेऊन ती माझ्या पायाशी बसायची. मी म्हणायचे, "राहू दे गं." ती म्हणायची, "बसा गप्प." अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल. मला लेक नाही. खोट्या गुडघ्याला इतकं खरं तेल कुणी लावत असेल तर माणसाला लाज वाटायला हवी. मला थोडी वाटली, पण जास्त बरंच वाटलं.

एका संध्याकाळी तेल केव्हाच जिरलं होतं तरी ती चोळतच राहिली. खाली मान घालून म्हणाली, "आई, आमच्या दोघांची काळजी वाटते का हो तुम्हाला?"

"आता नाही वाटत!" मी म्हणाले. वर डोळा मिचकावला.

ती उठली. वाटी उचलून आत गेली. त्या प्रश्नापाशी ती मला दार उघडून देत होती आणि मी विनोद करून ते धाडकन लावलं. माझ्या सगळ्या मूर्खपणात हा पहिल्या नंबरचा. गुडघ्याचं नाटक त्यापुढे काहीच नाही.

शेवटच्या संध्याकाळी दोघं लवकर परत आली. मी बेसावध होते. नात वाघ झाली होती आणि मी शेळी. पाणी उडवत मी चक्क धावत होते. समोर दोघं उभी. मी जागच्या जागी थिजले आणि लंगडायला लागले.

"आई," मुलगा म्हणाला, "दुखणारा उजवा होता ना?"

मी डाव्या पायाने लंगडत होते. कुणी हसलं नाही. सुनेने नातीला बादली भरून आणायला पाठवलं आणि ती वाळूत बसली. तोही बसला, मधे थोडी जागा सोडून.

"आई, आम्ही एक ठरवलंय," तो म्हणाला.

आता मी काय समजले असेन? लिहितानाही कानाच्या पाळ्या तापतात. मला वाटलं, दुसरं मूल. मी टाळी वाजवून म्हटलं, "मग पेढे कधी?"

त्याचा चेहरा पडला तसा त्याच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यातही पडलेला मी पाहिला नव्हता. "आई, आम्ही वेगळे होतोय."

मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "घरी आम्हाला बोलायलाच मिळत नव्हतं हो. मिळालं तरी दोघंही टाळायचो. इथे रोज बोललो. भांडलो नाही, खरंच. बोलता बोलता कळलं, आता भांडण्यासारखंही काही उरलेलं नाही."

"म्हणजे मी पाठवत होते म्हणून..."

"तुम्ही पाठवलंत म्हणून नीट झालं, आई. नाहीतर आणखी दोन-चार वर्षं वाईट गेली असती."

औषध म्हणून मी जे पाजत होते ते हे असं लागू पडलं होतं. मी भलतंच विचारलं, "गुडघा खोटा आहे हे कधी कळलं तुला?"

"पहिल्या दिवशीच."

"मग रोज चोळत कशाला बसलीस?"

"तेवढा वेळ तुमच्याजवळ बसता येत होतं," ती म्हणाली, आणि तिथे मात्र तिला रडू आलं.

नात पाण्यातून येत होती. बादली तिला जड होत होती, निम्मं पाणी सांडत होतं. मी तिच्याकडे बोट केलं. "आणि ही?"

तो म्हणाला, "हिची ऑफिसातून सिडनीला बदली होतेय. पोरगी आईबरोबर जाईल. मी सुट्ट्यांत भेटेन." म्हणजे त्यांनी तेही ठरवलं होतं, त्या पायवाटेवर, मी खाली वाळूत किल्ला करत असताना. मी रडले नाही. नातीने माझ्या पायांवर बादली ओतली आणि म्हणाली, "आजी, रन!" मी उठले आणि धावले. दोन्ही पायांनी, व्यवस्थित.

शाळेचं वर्ष संपलं आणि डिसेंबरात दोघी गेल्या. मुलगा सोफ्यावरून खोलीत परत झोपायला लागला. मी मात्र पहाटे उठून एका डब्याची पोळी जास्त लाटायचे आणि मग स्वतःच खायचे. रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल असायचा. पहिले काही महिने ती जशीच्या तशी होती. मग हळूहळू तिच्या बोलण्यातला 'लाह' गेला, शब्द लांब लांब व्हायला लागले. दात पडले, नवे आले, आणि ते मी फोनच्या काचेवर पाहिले. प्रत्येक कॉलच्या शेवटी मी एकच विचारायचे, "मग पिल्लू, कधी येणार आजीकडे?" ती इंग्रजीत म्हणायची, "सून, आजी," म्हणजे लवकरच. मला वाटायचं, आजीने दुसरं विचारायचं तरी काय? तेवढंच तर माझ्या हातात होतं.

पुढे एका दुपारी सुनेचा फोन आला. रविवार नव्हता, ती ऑफिसातून बोलत होती. मी मेथी निवडत होते. तब्येत विचारली, मुलाचं विचारलं.  

"आई, तिला फोन करत जा, रोज केलात तरी चालेल. फक्त 'कधी येणार' एवढं विचारत जाऊ नका. फोन ठेवला की ती बॅग भरायला बसते."