तिकडं हिवताप न्हाय

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची काही वर्षं मी बेळगावात एका लाकडाच्या कंत्राटदाराकडे कारकून होतो. गुंजी स्टेशनापासून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की जंगलात त्याचा लाकूड कापायचा तळ लागे. तिथं माणसं टिकत नसत, म्हणून नवी माणसं शोधून पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मला मराठी आणि कानडी दोन्ही बोलता येई, आणि चेहरा बरा होता. मालक म्हणायचे, "तू बोललास की माणूस उठून चालायला लागतो." मला त्याचा अभिमान वाटे, हे आज लिहितानाही लाज वाटते.

अनगोळात एक सुतार राहायचा. गाड्यांची चाकं करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता, पण हल्ली त्याच्याकडे काम येत नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो.

"मोठी करवत ओढलीय का कधी, मिस्त्री?"

"व्हय तर. लई येळा," तो म्हणाला आणि खाली बघू लागला. खोटं बोलतोय हे मला कळलं. पण मला माणूस हवा होता.

मग त्यानं विचारलं, राहायची सोय काय? मी म्हणालो, कौलारू खोली. पाणी? विहीर आहे. मी तळावर एकदा जाऊन आलो होतो. तिथं फांद्या-पाल्याची खोपटं होती, आणि पाणी ओढ्याचं.

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मूलबाळ नव्हतं, तीही बरोबर जाणार होती. ती पुढं येऊन म्हणाली, "अण्णा, तिकडं हिवताप लई हाय म्हनत्यात. खरं काय त्ये?"

त्याच आठवड्यात तळावरची दोन माणसं तापानं फणफणत परतली होती. त्यांना गाडीतून हाताला धरून मीच उतरवून घेतलं होतं.

"पूर्वी होता आक्का," मी म्हणालो. "आता तिकडं हिवताप न्हाय."

एरवी मी 'नाही' म्हणायचो. तेव्हा 'न्हाय' म्हणालो, तिच्यासारखं, घरच्यासारखं. तिला खरं वाटावं म्हणून. आणि तिला खरं वाटलं. तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली.

दोन महिन्यांनी कामासाठी मला तळावर जावं लागलं. सुताराच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. करवतीची सवय नसल्यामुळे मुकादमानं त्याला पहिले कितीतरी दिवस नुसते ओंडके ओढायला लावली होती. बायको खोपटात पडून होती. ताप उतरला होता. तिथं डॉक्टर नव्हताच. मुकादम अंदाजानं कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनाईन, देत गेला होता, ताप चढला की आणखी. मी हाक मारली, "आक्का!" तिनं वळून बघितलं नाही.

"कानात सारखं वाजतंय म्हनती," सुतार म्हणाला. "माझं बी ऐकू येत न्हाय तिला."

मी त्या दोघांना परतीच्या गाडीत बसवून आणलं. कोयनेल जास्त झालं की कान जातात; तिचे पुढं सुधारले नाहीत.

त्यानंतर खानापूरकडच्या एका गावात मला माणसं जमवायला पाठवलं. देवळाच्या कट्ट्यावर सातजण बसले होते. मी खोपटं, ओढा, ताप, सगळं होतं तसं सांगितलं. पाचजण उठून गेले. दोघे आले, आणि ते टिकले. पण मालकांना सातजण हवे होते. महिनाभरात त्यांनी मला घरी बसायला सांगितलं. लोकांना वाटलं, मी खरेपणापायी नोकरी घालवली. आधीचं खोटं मी कुणाला सांगितलं नाही, आणि तेही मला टोचत राहिलं.

अनगोळला जायला मला वर्ष लागलं. सुतार अंगणात रंधा मारत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तिकडं ताप आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

त्यानं रंधा खाली ठेवला. 

"करवत ओढलीया म्हनून मी बी खोटंच बोललो हुतो, अण्णा," तो म्हणाला. "पर माझं खोटं मीच भोगलं. तुमचं तिनं भोगलं."

तेवढ्यात ती आतून आली. मला ओळखून हसली. बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही आलतासा म्हनून आमी परत तरी आलो. न्हायतर तितंच मेलो असतो!"

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. "हिला सांगू व्हय?" त्यानं हळू विचारलं. हळू बोलायची गरज नव्हती.

मला 'सांग' म्हणता आलं नाही. तिनं ताकाचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. सुतार पुन्हा रंधा मारू लागला. मी ताक प्यायलो आणि निघून आलो.