भाऊला अकोल्याहून घरी आणताना

पुण्याच्या लोकांना अकोला म्हटलं की फक्त ऊन आठवतं. डिसेंबरात सकाळी सकाळी इथल्या स्टेशनवर उतरून पाहावं म्हणजे कळेल. मी शाल विसरले होते आणि दात वाजत होते. लहानपणी इथं मामाकडे यायचे, ती मोठ्या भावाचं बोट धरून. या वेळी त्याच भावाला न्यायला आले होते. बाळापूर रोडवरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो आज सुटणार होता. ‘सुटणार’ म्हटलेलं वहिनीला खपत नाही. अमरावतीहून पहिल्या एसटीनं येऊन ती माझ्याआधीच स्टेशनबाहेर उभी होती.

“सुटाले काय जेलात होते काय ते?” असं तिनं मला आल्या आल्या सुनावलं, आणि स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली.

भाऊ दारू सोडायला गेलाय हे आम्हा दोघींना आणि काकांना सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. काका आमच्या घरातले वडीलधारे. घराण्याच्या इज्जतीसाठी त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की भाऊ पुण्याला माझ्याकडे आहे, गुडघ्याचा इलाज चाललाय.

केंद्राच्या दारातून भाऊ आला तो निम्मा होऊन. डोक्याला तेल, दाढी गुळगुळीत, शर्ट खांद्यावरून ओघळलेला.

“शोभे, तू तर म्हातारी दिसून राहिली,” तो म्हणाला.

“इथं आरसा नाही वाटतं,” मी म्हटलं. तिघंही हसलो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

अमरावतीची एसटी मिळाली. दोन्ही बाजूंना काळं रान, वेचून झालेली कपाशी, मध्येच तुरीचे पट्टे. हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे तो भाऊमुळे. मूर्तिजापूरला गाडी थांबली की तो माझ्यासाठी पेरू आणायला उडी मारायचा आणि हटकून गाडी सुटल्यावरच धावत यायचा. मी खिडकीतून बोंबलायची, कंडक्टर शिव्या घालायचा, आणि भाऊ दांड्याला लोंबकळत हसायचा. तसा माणूस मी नंतर पाहिला नाही, खरं सांगते.

आताही मूर्तिजापूरला तो उठला. “चहा आणतो.” वहिनीनं झटकन त्याची बाही धरली.

“धाकल्या लेकरावानी धरून राहिली तू मले,” तो शांतपणे म्हणाला.

तिनं हात सोडला. तो येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीला चिकटून होतो. तो आला तोवर अर्धा चहा वाटेतच सांडला होता. कप घेताना आम्ही दोघींनी हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याला ते कळलं. तो बाहेर बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमरावतीला उतरल्यावर मी आधी गिलावडा (दह्यात भिजवलेला तिखट वडा) खाल्ला, वर मूठभर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात). त्याशिवाय माहेरी आल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या रस्त्याला, शेतातल्या मारुतीपुढे रोडगे होते. काकांचा नवस. जमलेल्यांच्या लेखी गुडघ्याचा, काकांच्या मनात दारूचा. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. फोडून वरण, तूप आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. हा स्वयंपाक पुरुषांचा. आम्ही बाया त्या दिवशी सतरंजीवर राण्यांसारख्या बसतो. आणि निखारे फुलेपर्यंत पुरुषांची देवळामागे ये-जा चालते, कशासाठी ते सगळ्यांना माहीत असतं. दारू सुटली म्हणून असा नवस फेडायचा, हे आमच्या काकांनाच सुचावं.

भाऊ निखाऱ्यापुढे बसून रोडगे लावत होता. पूर्वीही त्याच्याशिवाय कोणी रोडग्यांना हात लावत नसे. आमचा चुलतभाऊ गजा स्टीलचा ग्लास घेऊन आला.

“घे भाऊ. पुण्यात काय भेटलं असन तुले.”

“नाही.”

“घे न. गुडघ्याले काय होते थोडक्यानं?”

लोक हसले. गजानं ग्लास त्याच्या तोंडाजवळ नेला. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. काका खोकले. भाऊनं हाताची राख पुसली.

“गजा, मी पुण्याले नव्हतो. गुडघ्याले काईच झालं नव्हतं. दारू सोडवाले अकोल्याले भरती होतो.”



“काहून सांगतलं बे चारचौघात?” काका म्हणाले.

“काका, तुमी गुडघा सांगतला म्हणूनच हा पाजून राहिला. याले खरं माहीत असतं तर आला असता काय ग्लास घेऊन?”

गजा ग्लासासकट देवळामागे गेला. त्यानं तो ओतला की प्यायला, मला माहीत नाही. थोड्या वेळानं आला आणि भाऊशेजारी बसून रोडगे उलटवू लागला. एक बाजू करपली होती. तशीच खाल्ली.

पुण्याची गाडी मी बडनेऱ्याहून धरली. मला पोचवायला भाऊ एकटाच स्कूटरवर घेऊन आला. वहिनीनं पहिल्यांदाच त्याला एकट्याला सोडलं होतं.

“पुन्हा पिणार नाहीस ना?” मी विचारलंच.

“उद्याचं नाही सांगता येत, शोभे. तुले खोटं काहून सांगू?”

गाडी हलली. मी पेरूवाल्या भावाला घरी न्यायला आले होते. तो काही परत यायचा नाही. या नव्या, पडक्या खांद्याच्या माणसावर मात्र माझा जीव जडला होता. वहिनीचा फोन आला.

“निघाले काय?”

“निघाला.”

“सीधे घरी?”

“माहीत नाही, वहिनी.”

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. दोघी नुसत्या कानाला फोन लावून बसलो. बाहेर अंधारत चाललं होतं. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा तिकडून स्कूटरचा आवाज आला.

“आले,” वहिनी म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना.

मागून त्याचा आवाज आला. “शोभी हाये काय फोनवर? तिले सांग, पोचलो म्हणा. आन् वास घ्याचा असन तर घे, मी उभा हावो.”