लाजाळू गाव

फोटोवाला पुन्हा ओरडला, "अहो, हसा की जरा!" तशा यंत्रासमोर उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी पदर तोंडावर ओढून घेतले.

विदर्भातल्या त्या गावात पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं होतं, त्याच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. ते पदर पाहून प्रमुख पाहुण्यांना भरून आलं. "शहरातून गेलेली लाज इथं अजून शिल्लक आहे," ते माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात, म्हणून बायकांचे पदर सुटले आणि मला त्यांचे दात दिसले. पिवळे, तपकिरी, वाळवी लागल्यासारखे.

फ्लोराइड. जमिनीखालच्या खोल पाण्यातून येतं आणि वाढत्या वयात दात असे डागाळून टाकतं. नदीचं पाणी घाण म्हणून कधीकाळी इथं खोल बोअर मारून हापसा बसवला होता. तेव्हाही असेच पाहुणे, असाच नारळ, अशाच टाळ्या असणार. ते पाणी पीत इथल्या मुली वाढल्या आणि बघायला आलेल्या मंडळींसमोर तोंड मिटून बसायला शिकल्या. मंडळी त्याला संस्कार म्हणत गेली. लहानपणी प्यायलेलं पाणी दातांवर जन्मभर राहतं. कुठलंही यंत्र ते गाळून काढत नाही.

पुढच्या रांगेत एकच पोरगी तोंड भरून हसत होती. दुधाचे दात पडलेले, समोर नुसत्या हिरड्या.

"ही एक तरी हसतेय," मी तिच्या आईला म्हणालो.

तोंडावरचा पदर न काढता ती म्हणाली, "हासू द्या तिले. तिचे दात यायचे हायेत अजून."